स्टॉक कार आणि लाइव्ह स्टॉक

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जगातली कुठलीही गोष्ट समजू शकते. फक्त ती आधी नावे आणि जमा अशा दोन बाजूंत मांडून द्यावी लागते. त्यामुळे माझ्या भाच्याने अमेरिकेहून फोन करून, "मामा, या रविवारी आमच्याकडे स्टॉक कारची शर्यत आहे, तिकिटं काढलीत," असं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो क्लोजिंग स्टॉक. मला वाटलं, एखाद्या कंपनीच्या गोदामात न खपलेल्या गाड्या पडून असतील आणि त्यांचा गंज झडावा म्हणून वर्षातून एकदा त्यांना पळवून आणत असतील. माल पडून राहिला की त्याची किंमत उतरते, हे मी पहिल्याच वर्षी पाठ केलं होतं.

भाचा मनसोक्त हसला. आयएसडीचे दर उतरल्यापासून परदेशातली मंडळी फारच मोकळेपणाने हसतात.

तो नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट गावी असतो. तिकडे मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी शहीद सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी असते. तिच्या आदल्या रविवारी तिथे 'कोका-कोला ६००' नावाची शर्यत होते, ती १९६० पासून. साधारण अंडाकृती, दीड मैलाचा रस्ता आणि त्याच्या चारशे फेऱ्या. गुणाकार मी तोंडी केला: सहाशे मैल, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या वर. पनवेलहून निघून नागपूर मागे टाकावं आणि मध्य प्रदेशात शिरावं, एवढं अंतर. आणि इतकं करून पोचायचं कुठे? तर निघालो तिथेच! वळणंसुद्धा सगळी डावीकडेच. मी गेली वीस वर्षं सकाळी बेलपाड्याहून निघून संध्याकाळी बेलपाड्यालाच पोचतो आहे. तिकीट काढून बघायला अजून कोणी आलेलं नाही.

"पण त्या गाडीला स्टॉक का म्हणायचं?" मी मूळ मुद्दा सोडला नाही.

तर त्याचं असं आहे. पूर्वी या शर्यतीत दुकानात मिळते तशीच गाडी पळवायची असा दंडक होता. दुकानातल्या साठ्यातली, म्हणून स्टॉक कार. १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने नॅस्कार ही संस्था काढली आणि १९४९ च्या जूनमध्ये याच शार्लटच्या एका मातीच्या मैदानावर 'अस्सल दुकानी गाड्यां'ची पहिली शर्यत झाली. पहिला आला ग्लेन डनवे. पण तपासणीत निघालं की त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या आहेत. त्या भागात हातभट्टीची दारू पोलिसांना चुकवून पोचवणारे लोक आपल्या गाड्यांना अशीच चलाखी करून घेत, म्हणजे मागे माल असला तरी गाडी बसत नाही. डनवे बाद झाला आणि जिम रोपर नावाच्या दुसऱ्याला बक्षीस मिळालं. हल्ली दुकानातली गाडी कोणीच पळवत नाही. या गाड्या मुद्दाम शर्यतीसाठीच बांधतात. दार उघडत नाही, चालक खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे तर चक्क चिकटवलेली चित्रं असतात! ताळेबंदात अशी मालमत्ता दाखवली असती तर ऑडिटरने मला खिडकीतूनच बाहेर काढलं असतं.

आपलाही एक माणूस यात उतरला होता. २०१० साली नारायण कार्तिकेयन मार्टिन्सव्हिलच्या अंडाकृती मैदानावर नॅस्कारच्या ट्रकच्या शर्यतीत धावला आणि तेरावा आला. ट्रकच्या शर्यतीत भारतीय माणूस तेरावा यावा, याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्या हमरस्त्यांवर रोज सराव चालू असताना पहिला यायला हरकत नव्हती.

"तुमच्याकडे काय विशेष या रविवारी?" भाच्याने विचारलं.

"आमच्याकडेही शर्यत आहे," मी म्हणालो. "स्टॉकचीच. पण लाइव्ह स्टॉकची."

भाचा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "दादूसचा बैल पळणार?"

मे महिन्याच्या सुट्टीत हा मुलगा आमच्याकडे यायचा तेव्हा सकाळी जेवढा दिसेल तेवढाच. दिवसभर दादूसच्या गोठ्यात. दादूस म्हणजे आमच्या इमारतीमागच्या गावठाणातला सत्तरीचा आगरी गृहस्थ. आगरी बोलीत दादूस म्हणजे थोरला भाऊ. पण हा अख्ख्या बेलपाड्याचा थोरला भाऊ आहे. भाच्याने हट्टच धरला की, "मी तुला इकडचं सगळं कळवतो, तू मला तिकडचं कळव." म्हणून बँकेच्या नोकरीत कधी केला नाही असा एक आगाऊ अहवाल मी तयार केला. तोच इथे देतो आहे.

मार्ग. पनवेल तालुक्यातला एक माळ. वळण एकही नाही, डावीकडे नाही की उजवीकडे नाही. कायद्याने अंतर एक हजार मीटरच्या आत. अलिबागकडे हीच शर्यत समुद्राच्या ओल्या वाळूवर होते. भाच्याला हे कळवलं तर तो म्हणाला, त्यांच्या डेटोनालाही १९५८ पर्यंत गाड्या समुद्राच्या वाळूवरच पळत होत्या, पक्का मार्ग १९५९ ला झाला. म्हणजे बिल फ्रान्स थोडा अलीकडे जन्माला आला असता तर नागावला खोली घेऊन राहिला असता.

प्रकार. महाराष्ट्रात दर शंभर मैलांवर शर्यतीचे नियम बदलतात. पुणे जिल्ह्यात घाटावर म्हणजे चढणीवर बैल पळवतात, पुढे घोडी असते आणि घड्याळात सेकंद मोजतात. साताऱ्या-सांगलीकडे गट, सेमीफायनल, फायनल असा सगळा क्रिकेटचा थाट, आणि बैलाच्या दातांवरून आदत, दुसा, चौसा अशी वर्गवारी. विदर्भात शंकरपट. आमच्याकडे बिनजोड. दोन छकडे शेजारी शेजारी उभे करायचे, झेंडा पडला की सुटायचं, जो पुढे जाईल तो जिंकला. इतका सोपा निकाल बँकेत कधी लागत नाही.

यंत्र. छकड्याला दोन बैल लागतात, पण ते एकाच मालकाचे असतीलच असं नाही. दादूसचा पाखऱ्या आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मालकाचा बैल अशी जोडी जुळवलेली आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे भागीदारांची जबाबदारी एकत्र आणि वेगवेगळी अशी दोन्ही असते. पण एक भागीदार डावीकडे गेला तर दुसऱ्याने काय करायचं, हे त्या कायद्यात नाही. कासरा धरणाऱ्याला ते माहीत असावं लागतं.

इंधन. दूध, अंडी, खारीक, बदाम, उडदाची डाळ आणि कणकेचे गोळे. भाच्याच्या शर्यतीत गाडी मध्येच थांबते, पाच माणसं उडी मारून येतात आणि दहा-अकरा सेकंदांत चारही चाकं बदलून देतात. पाखऱ्याच्या सेवेलाही पाच माणसं आहेत. पण ती सकाळी पाचला उठून त्याचं अंग चोळतात आणि त्याला घाई अजिबात चालत नाही. आमच्या घरात एवढे बदाम आणले तर ही मला विचारेल, "कोणाची परीक्षा आहे?"

कायदा. हा भाग मोठा आहे, कारण बैल जेवढे माळावर पळाले त्याहून जास्त न्यायालयात पळाले. २०११ ला केंद्र सरकारने बैलाचं नाव खेळात न वापरण्याच्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ ला महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती त्याच वर्षी उच्च न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्याचा दाखला हे सगळं लागतं. काठी नाही, चाबूक नाही, पराणी नाही, विजेचा झटका नाही.

बंदी मागणाऱ्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. शेपटी चावून आणि खिळे टोचून पळवलेले बैल लोकांनी पाहिले होते. मी एकदा दादूसला हे भीतभीत बोललो. तो म्हणाला, "सायेब, मारून कोण पळतंय? पोराला मारून पास करता येतं काय?" माझ्या वडिलांचं उदाहरण माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

त्या साडेसात वर्षांत दादूसने बैल विकला नाही. पाखऱ्याच्या आधीचा बैल बंदीतच म्हातारा झाला. रोज सकाळी त्याला बांधावरून फिरवून आणायचं, आणि बांध राहिला नव्हता म्हणून सोसायट्यांच्या कुंपणाकडेने फिरवायचं. परवानगी आली त्या डिसेंबरात तो बैल उभा राहायचाही बंद झाला होता.

२०२२ च्या सुरुवातीला दादूस माझ्या काउंटरवर आला. नवा गोऱ्हा घ्यायचा होता, कर्ज हवं होतं. मी अर्ज भरायला घेतला. व्यवसाय: शेती. जनावराचा उपयोग: हा रकाना जरा अवघड गेला. मग आला सातबारा. दादूसने घडी घातलेला एक जुना उतारा काढला. त्यावरची जमीन कधीच सिडकोकडे गेलेली होती.

१९७० ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात पाच माणसं गेली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आमची सहा मजली इमारत अशाच एका भूखंडावर उभी आहे. मी जिथे गादी घालून झोपतो तिथे दादूसचा भात पिकायचा. आता खिडकीतून मेट्रो दिसते. १७ नोव्हेंबर २०२३ ला ती सुरू झाली आणि बेलापूरकडून तिसरं स्टेशन चक्क बेलपाडा आहे. दादूस तिच्यात एकदा बसून आला. म्हणाला, "बरी हाय. पण गारी वरनं जाते, खालचं कायच दिसत नाय."

ज्याच्याकडे शेत नाही तो शेतकरी नाही, आणि जो शेतकरी नाही त्याला बैलासाठी कर्ज नाही. नियम स्पष्ट होता. अर्ज मीच परत केला, माझ्या हाताने, लाल पेनाने खूण करून. दादूस काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या पाटल्या घेऊन आला. सोनं तारण असलं की बँक बैल आहे की विमान आहे, काही विचारत नाही. वीस मिनिटांत पैसे मिळाले. त्या पाटल्यांतून पाखऱ्या आला. शेवटचा हप्ता भरून पाटल्या सुटल्या तेव्हा दादूसने मला पेढा आणून दिला, आणि तो पेढा माझ्या घशाखाली फार सावकाश उतरला.

आता या अहवालातला शेवटचा आणि महत्त्वाचा भाग. रविवारी शर्यत एकच नाही, दोन आहेत.

आमच्या सोसायटीत चोवीस सभासद आहेत आणि मी खजिनदार आहे. इथे माणसांना नावाने कोणी ओळखत नाही, फ्लॅटच्या नंबराने ओळखतात. तीनशे दोन हे एक निवृत्त अधिकारी आहेत. जुन्या भारतीय दंडसंहितेत हा आकडा कशाचा होता ते वाचकांना ठाऊक आहेच. कुंपणापलीकडच्या गोठ्यामुळे वास येतो, माश्या येतात, पहाटे घंटा वाजते. सबब सोसायटीने लेखी तक्रार करून गोठा हलवण्याची मागणी करावी, असा ठराव त्यांनी तयार केला. पाच सभासदांच्या सह्या घेऊन विशेष सभेची मागणी केली. सभेची वेळ: रविवार, सकाळी दहा. तक्रार अगदीच खोटी नाही. पावसाळ्यात माश्या येतात. घंटाही वाजते. मी तिच्यावरच उठतो, म्हणून मला आजवर गजराचं घड्याळ घ्यावं लागलं नाही.

आता सहकार कायद्याचे नियम वाचायला आमच्या इमारतीत मला आणि फक्त मलाच आवडतात. चोवीसांची सभा, दोन तृतीयांश म्हणजे सोळा हा कोरम. साध्या सभेला कोरम झाला नाही तर ती तहकूब होते आणि पुढे कोरमशिवायही उरकता येते. पण सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेला अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर ती सभा तहकूब होत नाही, विसर्जित होते. गणपतीसारखी. पुन्हा आणायची तर पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवारपासून मी हिशेबाला बसलो. चोवीसांतून मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलेले तीन वजा: एकवीस. परदेशी मुलांकडे गेलेले दोन वजा: एकोणीस. चारशे एक यांची शनिवारी रात्रपाळी, रविवारी दुपारपर्यंत ते भूकंपानेही उठत नाहीत: अठरा. पाचशे चार यांचा टेम्पो शर्यतीला मंडप आणि लाउडस्पीकर घेऊन जाणार: सतरा. आणि खजिनदार, म्हणजे मी. पोटात दुखेल असा माझा अंदाज होता: सोळा.

सोळा! नेमका कोरम. एका आकड्याने जुळलेला ताळेबंद पाहून मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. रात्री जेवताना मी हिला म्हणालो, "एखादा माणूस कमी पडतोय." ही म्हणाली, "गोठ्याला वाचवायचंय तर सभेत जाऊन तोंडाने बोला की. पोट कशाला दुखवून घेता?"

खरं सांगायचं तर ते मला जमलं नसतं. मी काउंटरच्या आतला माणूस. नियम दाखवून 'नाही' म्हणायची वीस वर्षांची सवय. नियमाच्या विरुद्ध उभं राहून 'राहू द्या' म्हणायचं कसं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. दादूसच्या अर्जाच्या वेळीही ते कुठे जमलं होतं?

शनिवारी रात्री साडेनऊला दाराची बेल वाजली. बाहेर तीनशे दोन. मला वाटलं, सभेची आठवण करायला आले. ते आत आले, पाणी प्यायले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"उद्या तुम्ही त्या शर्यतीला जाणार, असं ऐकतो," ते म्हणाले.

माझ्या पोटात वेळेआधीच दुखायला लागलं.

"नाही, त्याचं काय आहे," ते पुढे म्हणाले, "नातू आलाय बंगलोरहून. दोन दिवस त्या गोठ्यातून हलत नाही. उद्या बैल पळताना बघायचाच म्हणून जेवला नाही. तुमच्या गाडीत दोन जागा आहेत का?"

"पण काका, सभा?"

"माझा ठराव कायम आहे," ते ठसक्यात म्हणाले. "जूनमध्ये पुन्हा सह्या गोळा करीन. वास येतो म्हणजे येतो. पण मुलाने आयुष्यात एकदा बैल पळताना बघायला नको का?" आणि जिना उतरता उतरता थांबून म्हणाले, "ते बसायला काही आणावं लागतं का? आमच्या गावी आम्ही झाडावर चढून बघत होतो."

पंधरा.

मी लगेच गोठ्याकडे गेलो. पाखऱ्या रवंथ करत उभा होता. उद्या आपल्यावर दोन शर्यती अवलंबून आहेत याची त्याला काहीच फिकीर नव्हती. दादूस बाजल्यावर बसून कासरा तपासत होता. कोण जिंकेल म्हणून मी विचारलं. त्याने आकाशाकडे हात केला. मग म्हणाला, "जिंकला तर बक्षीस. नाय जिंकला तरी सोमवारी सकाळी ह्याला पाणी पाजायला मीच. शेत नाय राहिलं, सायेब. हा राहिलाय."

हा सगळा अहवाल भाच्याला कळवायचा आहे. त्याची शर्यत आपल्या घड्याळाने सोमवारी पहाटे सुरू होणार, तोपर्यंत आमचा निकाल त्याच्या हातात असेल. संभाव्य विजेता कोण, या रकान्यात काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही. पाखऱ्या जोरात आहे, पण समोरची जोडीही काही बदामांशिवाय वाढलेली नाही.

निघताना दादूसने विचारलं, "सायेब, उद्या नक्की येताय ना? मागच्या खेपेला सभा काढलीत."

"येतो," मी म्हणालो, "आणि येताना कोरम मोडून येतो."

त्याला काही कळलं नाही. पाखऱ्याने मात्र मान हलवली आणि घंटा वाजली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. ओरडा यायची मी वाट पाहिली. पण खिडकीतून एक लहान हात बाहेर आला आणि बैलाला टाटा करून गेला.